दोन हिवाळ्यांचं बी

आमची ताई नर्सरीत सदतीस वर्षं होती, त्यातली एकवीस रोजंदारीवर. हे ती कोणाला सांगायची नाही, म्हणून मी सांगतो. मी तिचा बारा वर्षांनी धाकटा भाऊ. त्याच खात्यात जीप चालवायचो. साहेब बदलत गेले, जीप दोनदा बदलली, ड्रायव्हर तोच राहिला.

आल्या-गेल्याला ताई फटकळ वाटायची. तशी ती होतीच. एकदा एक बाई कॅमेरा घेऊन आल्या होत्या. मान तिरकी करून त्यांनी विचारलं, "ही रोपं म्हणजे तुमची मुलंच ना हो?" ताई म्हणाली, "मुलं असती तर त्यांचं पाणी तोडून त्यांना भर दुपारी उन्हात उभं केलं असतं का मी?" बाईंनी ते काही छापलं नाही. पण ताई खरं तेच सांगत होती. वर डोंगरावर झारी घेऊन कोणी येत नाही, त्यामुळे लावणीच्या आधी रोपाचं पाणी हळूहळू कमी करायचं, सावलीची जाळी काढून टाकायची, दोन पानं करपली तरी करपू द्यायची. लाडावलेलं रोप पहिल्याच वर्षी मान टाकतं, असं ती म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे बघायची. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं होतं. माझं पाणी वेळेवर तोडायचं राहून गेलं, असं तिचं मत होतं. आता मला ते पटतं.

लग्न झालं होतं तिचं. चार वर्षांनी नवरा कामाला म्हणून बाहेरगावी गेला आणि तिकडचाच झाला. ताईने एक ट्रंक उचलली, आमच्याकडे परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीत तण काढायला हजर झाली. शेजारणीने विचारलं, "अगं, चार दिवस रडायचंस तरी!" तर म्हणाली, "तण थांबतंय होय चार दिवस?" तिच्या त्या नवऱ्याचं नाव मी तिच्या तोंडून परत कधी ऐकलं नाही.

आता झाडाबद्दल. पुस्तकात त्याचं नाव एवढं लांब आहे की साहेबलोकही मधे श्वास घेतात. नर्सरीतल्या बायका त्याला कुंभकर्ण म्हणायच्या, कारण त्याचं बी काही केल्या उठायचं नाही. कधीकाळी अख्ख्या डोंगरावर त्याचंच रान होतं म्हणे. आधी लाकडासाठी तोडलं, उरलं ते वणव्यात गेलं, आणि कड्याच्या कडेला तेवढी एकोणीस म्हातारी झाडं राहिली. त्याची मुळं खडकाच्या फटीत शिरून डोंगराला धरून ठेवतात. ती गेल्यावर डोंगर सुटला. दरवर्षी थोडा थोडा खाली येतो, रस्त्यावर, ओढ्यात, एकदा तर शाळेच्या कुंपणापर्यंत. खात्याने खालून भराभर वाढणारी रोपं आणून वर लावली. ती तीन-चार वर्षं जोमाने वाढायची, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि मग एक कडक हिवाळा आला की एका रांगेत मरायची.

कुंभकर्णाचं बी उगवायला लोकांनी काय काय नाही केलं! गरम पाण्यात घातलं, वाळूत घासलं, कुठल्याशा औषधात बुडवलं. बी ढिम्म. ताईने काहीच केलं नाही, फक्त बघितलं. त्या झाडाला सहा-सात वर्षांतून एकदाच पोटभर बी येतं. अशाच एका वर्षी ती वर गेली, झाडाखाली पडलेल्या बियांभोवती दगडांची कडी मांडून आली, आणि मग दर महिन्याला तीन तास चढून ती कडी बघायला जाऊ लागली. एक हिवाळा गेला, काही नाही. मी म्हणालो, "ताई, दगडांना कोंब फुटतील त्याच्या आधी." दुसरा हिवाळा गेला आणि दगडांच्या प्रत्येक कड्यात हिरवे ठिपके दिसायला लागले. बी मेलेलं नव्हतं, त्याला दोन हिवाळे लागत होते. मधला उन्हाळा ते नुसतं पडून राहायचं आणि दुसऱ्यांदा बर्फ अंगावरून गेला की उठायचं. आणखी एक, त्याला आईच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या झाडांच्या, पायाखालची माती लागायची. ताई वरून ती पाठीवर गोणीने आणायची आणि वाफ्यात मिसळायची. बाजारची माती घातली की रोप पिवळं पडायचं.

तेव्हाच्या जुन्या साहेबांना हे कळलं आणि त्यांनी ताईला कायम केलं. इतका शहाणा माणूस, पण त्यांच्याकडूनही एक गोष्ट राहून गेली. ती आमच्या सगळ्यांकडूनच राहिली. दोन हिवाळ्यांची गोष्ट नर्सरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, म्हणून ती कोणी कागदावर लिहिली नाही. वाफ्याच्या छापील कार्डावर सगळ्या झाडांसाठी एकच ओळ होती: बारा महिन्यांत उगवण नसल्यास वाफा मोकळा करावा. आमच्या बायकांनी कार्डाच्या शेजारी पत्र्याची एक पाटी ठोकली होती, तिच्यावर लिहिलं होतं, "झोपलेत. उठवू नका." सगळे हसायचे. एवढीच आमची नोंद.

ताई छप्पन्नाची झाली त्या वर्षी झाडांना असं बी आलं, असं बी आलं, की फांद्या वाकल्या. आधीच्या खेपेचं बी अळीने खाल्लं होतं. एकोणिसातली पाच झाडं तोवर बर्फाच्या ओझ्याने उन्मळून गेली होती. ताईचे गुडघे बोलायला लागले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. पुढच्या वेळी बी येईल तेव्हा ती त्रेसष्टची असणार, कड्यावर चढणं शक्य नव्हतं. तिने ते मला सरळ सांगितलं. "हे माझं शेवटचं. ह्यातून डोंगर भरला तर भरला."

नऊ दिवस ती दोन बायकांना घेऊन वर राहिली. बी खाली आणलं, पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकलं, प्रत्येक पोत्यातलं मूठभर ब्लेडने कापून आतला गर पांढरा आहे ना ते बघितलं. अठ्ठावीस वाफे पेरले. वर पालापाचोळा, त्याच्यावर उंदरांसाठी तारेची जाळी. मोजदाद करायची तिला सवय नव्हती, पण बायका म्हणाल्या, वीसेक हजार तरी असतील. पहिला हिवाळा गेला. उन्हाळा गेला. जुने साहेब निवृत्त झाले.

नवे साहेब आले ते तरुण होते. वाईट होते असं म्हणवत नाही. मला "अहो काका" म्हणायचे, गाडीत स्वतः दार उघडून बसायचे. पण त्यांच्या डोक्यावर कार्यक्रम होता. एका दिवसात एक लाख रोपं लावायची, वरून मोठे लोक येणार, फोटो निघणार. एवढी रोपं ठेवायला जागा हवी होती, आणि आलेल्या गाड्या उभ्या करायला कचेरीमागचा खड्डा भरून सपाट मैदान हवं होतं.

दुसरा हिवाळा सरत आला होता. त्या सोमवारी साहेब नर्सरी बघून जीपमध्ये बसले. बरोबर हेडक्लार्क होते. साहेब म्हणाले, "ते खालचे अठ्ठावीस वाफे दीड वर्ष रिकामे पडलेत. कार्ड बघितलं मी. कोणी काही बोलत कसं नाही? आणि ती पाटी काय, थट्टा आहे का?" हेडक्लार्क म्हणाले, "बघतो सर." हेडक्लार्कला सगळं माहीत होतं. पण त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते आणि त्या चार महिन्यांत कोणत्याही साहेबाला काहीही समजावायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं. साहेब म्हणाले, "शुक्रवारी मोकळे करून घ्या. माती त्या खड्ड्यात टाका."

मी आरशात बघितलं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आणि काका, तुमच्या बदलीचा अर्ज दिसला. सहा वर्षं पडून आहे म्हणे? ह्या आठवड्यात सही करून पुढे पाठवतो."

माझी बायको आणि मुलगी शहरात राहायच्या. मुलीचं कॉलेज तिथे, बायकोची शिलाईची कामं तिथे. मी सहा वर्षं डोंगरावरच्या एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवत होतो. मुलगी शिंगं फुटायच्या वयात होती आणि मी महिन्यातून दोन दिवसांचा पाहुणा होतो. मी तोंड मिटलं. ड्रायव्हरला कान नसतात, गाडीतलं बोलणं गाडीत, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पंचवीस वर्षांत मी तो नियम शंभरदा मोडला होता. त्या सोमवारी पाळला.

बुधवारी ताईला शहरात डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. तारीख तिनेच मागून घेतली होती, हट्टाने, कारण बी उठायला पंधरा-वीस दिवस होते. "येतील तेव्हा मला दिसायला हवीत," असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टरांना वाटलं नातवंडांबद्दल बोलतायत.

साहेबांनी जीप न्यायला परवानगी दिली. दोन तासांचा रस्ता. ताई पुढे माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर पिशवी, आणि ती सारखी बोलत होती. एरवी गाडीत बोलायचं काम माझं.

"काल एक बी उकरून कापलं," ती म्हणाली. "मला काय दिसतंय डोंबल, शेजारणीला म्हटलं तू बघ. म्हणाली, ताई, आतलं टोक फुगलंय, पांढरंशुभ्र. म्हणजे जागं झालंय रे. नुसता डोळा उघडायचा राहिलाय. माझा आणि त्याचा एकदमच उघडेल."

मी गिअर बदलला.

"जाळी बायकांनी रोज बघायची असं बजावून आलेय. उंदीर सोडला तर आता त्यांना कोणी हात लावत नाही."

मी "हं" म्हणालो. एका वळणावर चहाची टपरी होती, तिथे आम्ही नेहमी थांबायचो. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर समोरासमोर बसावं लागलं असतं. मी मनाला समजावत होतो की आत्ता सांगितलं तर ही गाडी वळवायला लावेल, ऑपरेशन राहील, डोळा जाईल. हे खोटं नव्हतं. पण ते कारणही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साहेबांना नर्सरीत सोडून मी जीपमध्येच बसून राहिलो. जाळ्या गुंडाळल्याचा आवाज आला, मग फावड्यांचा. बायकांनी आधी सांगून बघितलं. "साहेब, दोन हिवाळे लागतात त्याला. ताईंना येऊ द्या." साहेबांनी शांतपणे विचारलं, "कुठे लिहिलंय?" लिहिलं कुठे होतं? पाटीवर! ती सगळ्यात आधी उपटली होती. मग एक बाई धावत जीपपाशी आली. ताईच्या हाताखाली काम करणारी आमची शेजारीण, कापलेल्या बीचं टोक पाहिलेली तीच. "अहो भाऊ, ताईंना फोन लावा. त्या साहेबांशी बोलतील."

मी म्हणालो, "तिच्या डोळ्यावर पट्टी आहे."

"कानावर नाही ना पट्टी?" ती म्हणाली. मी काच वर केली. दुपारपर्यंत ट्रॉलीच्या सोळा खेपा झाल्या. माती खड्ड्यात पडली, वर खडी टाकली, वरून रोलर फिरला.

आठ दिवसांनी ताई काळा चष्मा लावून परत आली. अठ्ठावीस वाफ्यांवर काळ्या पिशव्यांतली ती भराभर वाढणारी रोपं दाटीने उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, साहेबांच्या टेबलावर हात आपटेल. तिने एकच विचारलं, "माती कुठे टाकली?"

बायकांनी दाखवलं. ती मैदानाच्या कडेला उभी राहिली. खडीवर दोन ट्रक आणि माझी जीप उभी होती. ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "बी मेलेलं नाही. ह्यातूनही वर येईल. मला एक महिना द्या, त्या मैदानावर गाडी उभी करू नका." साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी कुठेतरी फोन करून विचारलं असावं, कारण ते खरोखर ओशाळले होते. पण ते म्हणाले, "ताई, बारा तारखेला कार्यक्रम आहे. साठ गाड्या येणार आहेत. मी त्या कुठे उभ्या करू?"

बी उठलं ते दहा तारखेला. खडीच्या फटींतून, चाकांच्या खाचांतून, रोलरने दाबलेल्या जमिनीला भेगा पाडून, जिथे वाट मिळेल तिथून वाकडंतिकडं वर आलं. हजारोंनी. साहेबांचा शिपाईसुद्धा चपला काढून चालायला लागला. ताईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही. ती दोन दिवस खडीवर पालथी पडून घरातल्या चमच्याने रोपं काढत होती. बायका होत्या बरोबर, पण दोन दिवसांत चमच्याने निघून निघून किती निघणार? बारा तारखेला सकाळी साठ गाड्या आल्या. त्यांना शिट्टी वाजवून ओळीत उभं करायचं काम माझ्याकडे होतं. मी ते केलं. "या, या, अजून मागे, बस." चाकाखाली काय आहे हे गाड्यांतल्या कोणाला माहीत नव्हतं, मला होतं. ताई कडेला तीनशे रोपांच्या टोपल्यांपाशी उभी होती आणि मी शिट्टी वाजवत होतो.

त्या एक लाखाचं पहिल्या थंडीत काय झालं ते विचारू नका. साहेब तोवर बढतीवर गेले होते.

त्या तीनशेंतल्या बहुतेकांचं सोटमूळ तुटलेलं होतं. रोलरखालून वर येताना ते वळलं होतं, चमच्याने काढताना तुटलं. दुसरा कोणी असता तर त्याने ती तशीच लावली असती, दिसायला हिरवीगार होती. ताईने एकेक रोप हातात घेऊन मूळ बघितलं. तुटकं सोटमूळ उभ्या चढावर माती धरत नाही, झाड मोठं झालं की स्वतःच्याच वजनाने खाली येतं आणि दरड घेऊन येतं. तिने तुटकी सगळी बाजूला काढली. उरली एक्केचाळीस. वीस हजारांतली एक्केचाळीस. ती तिने दोन वर्षं वाढवली, पाणी तोडलं, उन्हात उभी केली आणि निवृत्तीच्या आधी वर नेऊन लावली. स्वतः अर्ध्या वाटेपर्यंतच जाऊ शकली. तिथून पुढे बायकांनी नेली. त्यातली सव्वीस आहेत म्हणतात. उजव्या डोळ्यात धूळ जाऊन तो सुजला होता, तो पुढे धूसरच राहिला.

माझी बदली कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांतच आली होती. साहेबांनी शब्द पाळला. शहरात मला कचेरीची मोटार मिळाली, सपाट रस्ते, संध्याकाळी सहाला घरी. मुलगी आता माझ्याशी बोलते. जे मागितलं ते सगळं मिळालं. ताई त्या घरी एकदाही आली नाही, पण ती कुठेच जायची नाही, म्हणून त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही, किंवा वाटू दिलं नाही.

गेल्या वर्षी मी तिला भेटायला वर गेलो. ती पासष्टची झाली आहे. कड्यावर दहा झाडं उरली आहेत. दोन वर्षांमागे बी यायला हवं होतं, आलं नाही. येईल की नाही कोणी सांगू शकत नाही. शाळा तिथून हलवली आहे. ती दारात खुर्ची टाकून बसली होती. मी खाली पायरीवर बसलो आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. सोमवार, जीप, साहेब, अर्ज, सगळं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, ठाऊक होतं रे मला. बायकांनी तिला काही ना काही सांगितलं असेलच, मीच साहेबांचा ड्रायव्हर. तिला ठाऊक असेल आणि तिने माफ केलं असेल, ह्याच भरवशावर मी इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पीत आलो होतो.

तिला ठाऊक नव्हतं.

ती डोंगराकडे बघत होती, डाव्या डोळ्याने. तिकडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी तू सगळा रस्ता गप्प होतास. टपरीवरसुद्धा थांबला नाहीस. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी सांगत होते, माझ्या डोळ्यांची किती काळजी लागलीय बघा माझ्या भावाला, तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या."